कपाळावरची टिकली

संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे आम्हा बायकांचे हळदीकुंकवाचे दिवस. आमच्या बचत गटाचंही हळदीकुंकू याच दिवसांत होतं. 2023 च्या हळदीकुंकवाला गटातली एक पस्तिशीची मैत्रीण आली, तीच मुळी कपाळाला लाल टिकली आणि गळ्यात मंगळसूत्र घालून. तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. "निदान वर्ष तरी होऊ द्यायचं!" माझ्या कानाशी कुणीतरी कुजबुजलं.

खरं सांगते मैत्रिणींनो, मी त्या कुजबुजणाऱ्या बाईला गप्प केलं नाही. 'एवढी काय घाई?' असं माझ्याही मनात येऊन गेलं. तिला कुंकू लावताना माझा हात क्षणभर अडखळला आणि तो तिनं पाहिला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 4 मे 2022 रोजी ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, हे सगळं बंद. 17 मे रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून हा आदर्श सगळ्याच गावांपुढे ठेवला. ती बातमी गटात मीच मोठ्यानं वाचून दाखवली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण टाळ्या वाजवणं सोपं, हात न अडखळणं अवघड!

पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. हप्ता मात्र शेजारणीबरोबर वेळेवर पाठवला. शेवटी मीच तिच्या घरी गेले. चहाचा कप पुढे ठेवत तिनं थेटच विचारलं, "ताई, तुम्हालाही आवडलं नाही ना?"

मला काय बोलावं कळेना. मग तीच बोलत राहिली. एमआयडीसीत तिची दुसरी पाळी. रात्री अकरानंतर वडापनं परत यायचं. "गळा मोकळा होता तेव्हा शेजारी बसणारा माणूस मुद्दाम सरकून बसायचा. आता अंतर ठेवतात," ती म्हणाली. थोडं थांबून पुढे म्हणाली, "आणि टिकलीचं विचाराल, तर तेराव्याला सासूबाईंनी माझी टिकली काढली, तशी धाकटी घाबरून जवळच येईना. चार दिवसांनी रात्री तिनं स्वतःच्या पाकिटातली टिकली काढली आणि माझ्या कपाळाला लावली. मग कुशीत येऊन झोपली. तेव्हापासून मी ती काढली नाही."

मी मनाशी हिला घाई झाल्याचं ठरवून मोकळी झाले होते!

एवढ्यानं मी शहाणी झाले म्हणाल, तर तसंही नाही. पुढच्या वर्षी मोठ्या उत्साहानं शेजारच्या आजींना कुंकू लावायला गेले. त्यांनी हलकेच माझा हात बाजूला केला. "नको गं. ते त्यांच्या नावाचं होतं, त्यांच्याबरोबर गेलं. मी आहे अशीच बरी आहे." 'किती जुन्या विचारांच्या!' असं म्हणतच मी घरी आले. पोळ्या लाटताना मात्र लक्षात आलं, की चूक तीच झाली. एकीनं लावलं म्हणून नावं ठेवली, दुसरीनं नाकारलं म्हणून नावं ठेवली. विचारलं मात्र दोघींनाही नाही.

आता आमच्या हळदीकुंकवाला दारात उभी राहून मी प्रत्येकीलाच विचारते, "कुंकू लावू ना?" अगदी सवाष्णींनाही. कुणी हो म्हणतं, कुणी नको म्हणतं. तिळगूळ आणि वाण मात्र सगळ्यांना सारखंच. वाणाचं ताट आता तीच मैत्रीण हातात घेते. आजीही येतात, तिळगूळ घेतात आणि शेवटपर्यंत गप्पा मारत बसतात.

दुसरीबद्दल मत बनवायला आपल्याला क्षणही लागत नाही. तिला एक प्रश्न विचारायलाही तेवढाच वेळ लागतो. मग आधी विचारूनच बघायला काय हरकत आहे?