आर्गन तेलाच्या बाटलीमागचे हात

केसांच्या सीरमवर ‘मोरोक्कन आर्गन ऑइल’ वाचलंय ना? 🌿 हे तेल येतं नैऋत्य मोरोक्कोतल्या काटेरी आर्गन झाडांच्या फळांतून.

तिथल्या अमाझिग या स्थानिक समाजातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ते काढत आल्या आहेत. वाळलेल्या फळाची साल काढायची, आतली टणक बी दगडावर ठेवून दगडानेच फोडायची, मग आतला गर जात्यावर दळायचा. खायच्या तेलासाठी गर भाजतात. त्वचेच्या तेलासाठी कच्चाच वापरतात. लिटरभर तेलाला साधारण ३० किलो फळं लागतात! उरलेली पेंड जनावरांना.

१९९६ मध्ये रबातच्या रसायनशास्त्रज्ञ प्रा. झुबिदा शरूफ यांच्या पुढाकाराने याच भागातल्या तामानारमध्ये ‘अमल’ ही महिलांची सहकारी संस्था उभी राहिली. सुरुवातीच्या सभासद विधवा आणि घटस्फोटित होत्या. घरातल्या कामाला पहिल्यांदाच हक्काची मजुरी मिळू लागली.

आता दळायला, गाळायला यंत्रं आली, पण बी फोडणं बहुतेक ठिकाणी हातानेच चालतं. मोठा नफा मात्र अनेकदा मधल्या व्यापाऱ्यांकडे जातो.

म्हणून तेल घेताना दोन गोष्टी बघा:
✅ घटकांत फक्त ‘अर्गानिया स्पिनोसा कर्नल ऑइल’ (लेबलवरचं आर्गन तेलाचं नाव)
✅ तेल काढणाऱ्या सहकारी संस्थेचं नाव

नाव नसेल तर विक्रेत्याला बिनधास्त विचारा.