परदेशगमनाचे भय आणि पुण्ण स्थविरांची प्रश्नोत्तरे

परदेशी उच्च शिक्षणासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांची माहिती आता खेड्यापाड्यांतील आपल्या घरांतही पोहोचली आहे. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्हींमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. तरीही अर्ज भरण्यापूर्वीच, विशेषतः मुलीच्या बाबतीत, एक प्रश्न आडवा येतो : तिकडे हिचे काही बरेवाईट झाले तर? हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. दहा वर्षांच्या लेकराला वसतिगृहात सोडून ज्यांनी डोळे पुसत परतीची एस.टी. गाठली, त्यांना धैर्याचे धडे आम्ही काय देणार? परंतु प्रश्न अनुत्तरित राहिला की अर्जाची मुदत टळते आणि मग वर्षानुवर्षे त्या घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. म्हणून येथे त्याचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्त या संदर्भात आम्हांस फार मोलाचे वाटते. पुण्ण स्थविर सुनापरान्त देशी जावयास निघतात. तेथील लोक उग्र आणि कठोर म्हणून ख्यात. तथागत त्यांना थांबवीत नाहीत. ‘भिऊ नकोस’ असेही सांगत नाहीत. ते प्रश्न विचारतात. लोकांनी शिवीगाळ केली तर? हातांनी मारले तर? ढेकळे फेकली तर? काठीने, शस्त्राने प्रहार केला तर? शेवटी, जीवच घेतला तर? प्रत्येक पायरीवर पुण्णांचे उत्तर तयार असते, आणि मगच तथागत त्यांच्या गमनास संमती देतात. पुण्णांची उत्तरे एका विरक्त भिक्खूची आहेत. कोणत्याही आईने ती आपल्या लेकीच्या वतीने द्यावीत असे आम्ही सुचविणार नाही. घेण्यासारखी आहे ती प्रश्नांची रीत. ‘काही बरेवाईट’ या धूसर शब्दांत दडलेले भय येथे एकेक करून वेगळे काढले आहे. वेगळे काढलेल्या संकटावर उपाय शोधता येतो, धूसर संकटावर येत नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हा सुनापरान्त म्हणजे अभ्यासकांच्या मते आपलाच कोकण किनारा, सोपाऱ्याचा परिसर. नालासोपाऱ्याचा जो स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकलला, तो याच भूमीत आहे. एके काळी ज्या परक्या मुलुखाची धास्ती घालण्यात येई, तो मुलूख आपण राहतो तोच होता!

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते, पण त्यातील संकटांचा भाग सहसा सांगितला जात नाही. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांचे वडील निवर्तले होते. पुढे महायुद्ध पेटले. १९१७ साली ते परतले तेव्हा समुद्रात पाणबुड्यांचा धोका होता, आणि त्यांचे सामान व ग्रंथ ज्या बोटीवर होते ती बोट पाणतीराने बुडविली गेली. म्हणजे धोका खरा होता. परंतु काठ्या घेतलेला जमाव त्यांच्यासमोर उभा राहिला तो न्यूयॉर्कला नव्हे, लंडनलाही नव्हे; तो बडोद्यातील पारशी विश्रामगृहात. परदेशातील वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. घर म्हणजे सुरक्षित आणि परदेश म्हणजे धोक्याचा, ही विभागणी निदान आपल्या समाजाने तरी डोळे झाकून स्वीकारू नये. अर्थात तिकडे सारे आलबेल आहे असेही नाही. वर्णद्वेष आहे, आणि आपल्याच देशबांधवांबरोबर जातही विमानाने जाते. अमेरिकेतील सिएटल शहराला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो काही उगाच नव्हे.

आता पुण्णांच्या रीतीने विचारू. पासपोर्ट हरवला तर? प्रथम स्थानिक पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तेथे नवा पासपोर्ट किंवा मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. छायाप्रती घरी व ई-मेलमध्ये असल्या की काम सोपे होते. आजारी पडली तर? ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो व त्यावर तेथील सरकारी रुग्णसेवा मिळते. अमेरिकेत आरोग्यविमा नसेल तर साधे दुखणेही कर्जात लोटते, म्हणून विमापत्र वाचून पाहिल्याशिवाय निघू नये. कोणी त्रास दिला तर? ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, युरोपात ११२ हे क्रमांक पाठ असावेत. पहिले वर्ष विद्यापीठाच्याच वसतिगृहात काढावे. वसतिगृहाची सवय आपल्या मुलांना आहेच. रस्ता ओलांडताना? अमेरिकेत व युरोपच्या बहुतेक देशांत वाहने उजवीकडून चालतात, तेव्हा प्रथम डावीकडे पाहावे. ही बाब क्षुल्लक वाटते. नवख्या माणसाच्या जिवाशी मात्र तिचाच संबंध अधिक. आणि फोन उचलला नाही तर? आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात तेव्हा हिवाळ्यात लंडनला दुपारचे साडेतीन आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा होतात. ती बहुधा वर्गात असते.

नोकरीसाठी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि आमच्या मते अधिक जपण्यासारखी. येथे भीती कमी पडते, ती थोडी वाढवावी लागते. आखातात पाठविणारा दलाल परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत दलालास सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक घेता येत नाही. ‘आता पर्यटक व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ’ असे कोणी म्हणाले, की बोलणे तेथेच थांबवावे. संगणकावरील सोप्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना कंबोडिया, म्यानमार, लाओस येथे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार अलीकडे घडले. भारत सरकारने त्याबाबत इशारेही दिले. हे बौद्ध देश आहेत म्हणून आपल्या माणसांचा विश्वास चटकन बसतो. श्रद्धा आपल्या जागी, करारपत्र आपल्या जागी. अडचणीत सापडलेल्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावर घरच्यांनाही तक्रार नोंदविता येते.

ज्या पालकांनी कधीच सीमा ओलांडलेली नाही, त्यांनी मुलीच्या आधी स्वतः एकदा ओलांडावी, असे आम्ही सुचवितो. लुंबिनी नेपाळात आहे. दरवर्षी आपले कितीतरी उपासक-उपासिका सोनौलीच्या नाक्यावरून पलीकडे जातात, आणि आपण परदेशी जाऊन आलो हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. त्यासाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असले म्हणजे पुरे. केवळ आधार कार्डावर मात्र विसंबू नये.