झाडाच्या सालीवरची अक्षरं

गोडा मसाला करताना आपण दगडफूल भाजतो. काळपट, कुरकुरीत, कागदाच्या कपट्यांसारखं दिसणारं हे 'फूल' खरं तर फूल नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो आहे शैवाक, म्हणजे कवक आणि शैवल यांचा एकत्र संसार. कवक घर बांधतं, पाणी धरून ठेवतं. शैवल उन्हात अन्न तयार करतं. श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने 1860च्या दशकात हे सांगितलं, तेव्हा अनेक नामवंतांना ते पटलं नव्हतं.

जीव दोन असतील तर नाव कुणाला द्यायचं? नियम असा आहे, की शैवाकाला दिलेलं नाव त्यातल्या कवकाचं असतं. शैवलाला त्याचं वेगळं नाव असतं. त्यामुळे नवा शैवाक शोधणं म्हणजे नवं कवक शोधणं.

आता एक करून पाहा. हिंजवडीहून मुळशीकडे जाताना बांधावरच्या एखाद्या जुन्या आंब्यापाशी थांबा. खोडावर पांढुरके, राखाडी-हिरवे डाग दिसतील. झाडाला रोग झाला असं पुष्कळांना वाटतं, पण शैवाक झाडातून अन्न घेत नाही. त्याला फक्त बसायला जागा हवी असते. एखाद्या डागावर बारीक काळ्या रेघा दिसल्या, कुणीतरी घाईघाईत अक्षरं गिरवल्यासारख्या, तर तो बहुधा 'ग्राफिडेसी' कुळातला शैवाक असेल. ग्रीक भाषेत 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणं. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या सालींवर हे कुळ विपुल आढळतं. या रेघा म्हणजे कवकाची बीजाणू तयार करणारी फळं.

पण नुसत्या डोळ्यांनी जात ओळखता येत नाही. अभ्यासक सालीचा लहान तुकडा काढतात आणि कागदी पाकिटात घालून त्यावर ठिकाण, तारीख, झाडाचं नाव लिहितात. प्रयोगशाळेत रेघेचा पातळ आडवा काप घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रेघेच्या कडा फक्त वरून काळ्या आहेत की तळापर्यंत? बीजाणू रंगहीन की तपकिरी? त्यात नुसते आडवे पडदे आहेत, की उभे-आडवे मिळून विटांच्या भिंतीसारखे कप्पे? मग रसायनं तपासतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर काही जाती लाल होतात, काही होत नाहीत. हे सगळं माहीत असलेल्या कोणत्याही जातीशी जुळलं नाही, तरच 'नवी जात' हा शब्द उच्चारायचा.

हे काम पुण्यात गेली अनेक दशकं झालं आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था 1946 साली स्थापन झाली. तिच्या संशोधन संस्थेला 1992 पासून आघारकर संशोधन संस्था म्हणतात. पी. जी. पटवर्धन आणि सी. आर. कुलकर्णी यांनी पश्चिम घाटातल्या या कुळाच्या काही नव्या जाती 1979 साली नॉर्वेच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्यांतली एक 'ग्राफिस अजरेकरी'. कवकशास्त्रज्ञ अजरेकर यांचं नाव संस्थेच्या कवकसंग्रहालाही आहे. ऊर्मिला माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढे बरंच वाढवलं.

नाव दिलं म्हणजे काम संपलं असंही नाही. पूर्वी या कुळातले बहुतेक शैवाक चार प्रजातींत विभागत, तेही फक्त दोन खुणांवरून: बीजाणूंचा रंग आणि पडद्यांची रचना. शर्टाचा रंग आणि उंची पाहून वर्गातली भावंडं ठरवावीत, तसं हे होतं. 2002 साली जर्मनीच्या बेटिना स्टायगर यांनी फळाची सगळी रचना लक्षात घेऊन प्रजाती नव्याने मांडल्या. पुढे डीएनएच्या अभ्यासानेही दाखवलं, की बीजाणूंचे पडदे एकट्याने नातं सांगत नाहीत. पुष्कळ जातींची नावं बदलली. नावं बदलूनही गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक नाव एका मूळ नमुन्याला बांधलेलं असतं. तो नमुना संग्रहात जपलेला असेल, तर पन्नास वर्षांनीही कुणी पुन्हा काप घेऊन तपासू शकतं. नमुना हरवला, तर नाव उरतं आणि वाद संपत नाही.

जगात सुमारे 20,000 शैवाक माहीत आहेत. तरीही 2014 साली ग्राफिडेसी कुळातल्या 175 नव्या जाती प्रसिद्ध झाल्या. म्हणजे अजून कितीतरी जाती बिननावाच्या आहेत. हे शैवाक अगदी सावकाश वाढतात. रस्ता रुंद करताना जुनं झाड तोडलं, तर नवं रोप लावता येतं. पण खोडावरची अनेक वर्षांची वस्ती रोपाबरोबर येत नाही. तिथे कोण होतं हे आधी कुणी पाहिलंच नसेल, तर काय गेलं तेही कळत नाही.

म्हणून मुलांना एक भिंग द्या. शाळेजवळच्या रहदारीच्या रस्त्यालगतचं एक झाड आणि गावाबाहेरचं त्याच जातीचं, तितक्याच जाडीचं एक झाड निवडा. छातीच्या उंचीवर एक वीतभर चौकोन आखून त्यातले डाग मोजा, रंग लिहा, चित्र काढा. शैवाक हवेतूनच बरंच काही शोषतात, त्यामुळे दोन चौकोन सारखे नसतील तर का, याची चर्चा रंगेल. साल मात्र खरवडू नका. वही वर्षभर ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्या.