समुद्राच्या आकड्यांची पारख

समुद्र तापतो आहे की निवतो आहे, या प्रश्नाने २००६ साली शास्त्रज्ञांनाही चकवले होते. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी शोधनिबंधात, २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर थंड झाल्याचे नमूद केले होते. पाणी निवले की आकुंचन पावते. पण उपग्रहांनी मोजलेली समुद्रपातळी तर वाढतच होती. पुढच्या वर्षी कोडे उलगडले. काही तरंगत्या यंत्रांत तापमानाची नोंद चुकीच्या दाबाशी, म्हणजेच चुकीच्या खोलीशी, जोडली गेली होती. शिवाय जहाजांवरून सोडल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या तापमापकांच्या नोंदी मुळातच किंचित उष्ण होत्या. संशोधकांनी स्वतःच दुरुस्ती जाहीर केली. समुद्र थंड झालेला नव्हता.

अशा चुका टाळण्यासाठी समुद्रविज्ञानात पारखणीची एक शिस्त रूढ झाली आहे. तिचा आरंभ जहाजावर होतो. क्षारता, तापमान आणि खोली मोजणारे उपकरण तारेने पाण्यात सोडले जाते. त्याच्याभोवती बाटल्या बसवलेल्या असतात आणि ठरलेल्या खोलीवर त्या बंद करून तेथील पाणी वर आणले जाते. या पाण्याची क्षारता प्रयोगशाळेत मोजून उपकरणाच्या आकड्याशी ताडून पाहतात. प्रयोगशाळेतील क्षारतामापकही आधी मोहोरबंद बाटलीतील प्रमाणित समुद्रजलाने तपासून घ्यावा लागतो. तपासणाऱ्याचीही तपासणी होते, ती अशी.

आर्गो या आंतरराष्ट्रीय उपक्रमातील यंत्रांचे काम अधिक अवघड आहे. जगभरच्या समुद्रांत अशी सुमारे ४ हजार यंत्रे तरंगत आहेत. प्रत्येक यंत्र साधारण १ हजार मीटर खोलीवर वाहत राहते, दर १० दिवसांनी २ हजार मीटरपर्यंत उतरते आणि वर येताना घेतलेल्या नोंदी उपग्रहामार्फत पाठवते. एकदा पाण्यात सोडलेले यंत्र बहुधा परत हाती येत नाही. त्यामुळे त्याची पारख दुरूनच करावी लागते.

पहिली चाळणी संगणकाची. यंत्राचे स्थान जमिनीवर दिसते का? तापमान उणे २.५ अंशांखाली किंवा ४० अंशांवर गेले आहे का? एखादाच आकडा शेजारच्या आकड्यांतून एकाएकी उसळला आहे का? जड पाणी हलक्या पाण्यावर दिसते का? या कसोट्यांनंतर प्रत्येक नोंदीला दर्जादर्शक अंक मिळतो: १ म्हणजे चांगली, २ बहुधा चांगली, ३ बहुधा सदोष आणि ४ सदोष. हे सारे २४ तासांच्या आत उरकून माहिती हवामान केंद्रांकडे जाण्याची अपेक्षा असते.

दुसरी चाळणी तज्ज्ञांची असून तिला अनेक महिने लागतात. क्षारता ही पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून काढली जाते आणि काळ लोटतो तसा संवेदक हळूहळू भरकटू शकतो. खोल पाण्याची क्षारता फारशी बदलत नसल्याने तेथील नोंदी जवळपासच्या विश्वासार्ह नोंदींशी ताडून सुधारणा ठरवली जाते. मात्र मूळ आकडा पुसला जात नाही. सुधारित आकडा त्याच्या शेजारी ठेवला जातो. विलक्षण नोंद खोटीच असते असे नाही. पावसाळ्यानंतर बंगालच्या उपसागरातील वरचे पाणी नद्यांच्या पुरामुळे खरोखरच बरेच गोडे होते. मूळ नोंदी शाबूत असतील तरच उद्याच्या संशोधकाला आजच्या निर्णयातील चूक शोधता येईल.

भारतीय आर्गो यंत्रांच्या नोंदींची पारख हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात होते. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून या समुद्राचा अभ्यास करीत आहे. अरबी समुद्रातील चक्रीवादळ किती बळावेल, हे पुष्कळ अंशी वरच्या थरात साठलेल्या उष्णतेवर अवलंबून असते. त्या अंदाजावर विसंबून होडी किनाऱ्याला ओढायची की नाही, हे मच्छीमार ठरवतो. त्याच्या निर्णयामागे असा एकेक पारखलेला आकडा उभा असतो.