दुसऱ्या सत्रात वर्गात कोण नसतं? कुटुंब, शाळा, समाज आणि आपलं संशोधन



‘अमुक तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक संपादणुकीवर परिणाम करणाऱ्या कौटुंबिक, शालेय व सामाजिक घटकांचा अभ्यास.’ हा विषय तुम्ही कुठे ना कुठे वाचलाच असेल. पेट पास झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की दहापैकी दोघा-तिघांच्या डोक्यात हाच येतो. तालुक्याचं नाव बदलतं, बाकी तसंच राहतं. विषय वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण यात तीन रकाने आधीच आखलेले असतात आणि मूल त्यात बसवायचं काम तेवढं उरतं. ते बसतं का, हे आपण आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात तपासून बघू.

पाथर्डी, जामखेड आणि शेवगावचा काही भाग हा ऊसतोड कामगारांचा पट्टा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर घेतलेली असते, एकट्या माणसावर नाही, त्यामुळे बाईने घरी राहायचं म्हटलं तर निम्मा हिशोबच मोडतो. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आता याच्या शेजारी शाळेचं वेळापत्रक ठेवा. पहिलं सत्र जून ते दिवाळी, दुसरं सत्र दिवाळी ते एप्रिल. म्हणजे जे मूल आईबापांबरोबर फडावर जातं, त्याचं अख्खं दुसरं सत्र जातं. अपूर्णांक, भागाकार, मोठे उतारे, जे काही दिवाळीनंतर शिकवलं जातं ते त्याच्यापुरतं शिकवलंच जात नाही. पुढच्या जूनमध्ये ते वरच्या वर्गात बसतं, कारण नाव पटावर असतंच.

आता सांगा, हा घटक कौटुंबिक की शालेय की सामाजिक? घरची गरिबी आहे, म्हणून कौटुंबिक. गैरहजेरी आहे, म्हणून शालेय. पाऊस नाही, गावात काम नाही, मजुरी उचलीवर बांधलेली आहे, म्हणून सामाजिक. प्रश्नावलीत आपण तिन्ही भागांत वेगवेगळे प्रश्न टाकतो आणि एकाच स्थलांतराची तीन तुकड्यांत मोजणी करतो. मग निष्कर्षात लिहितो की तिन्ही घटकांचा सार्थ परिणाम दिसला. दिसणारच की!

या वादाचा जुना इतिहास माहीत असावा. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. सुमारे ४,००० शाळा आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी एवढा त्याचा आवाका. शाळांच्या सोयीसुविधांतल्या फरकापेक्षा मुलाची घरची पार्श्वभूमी आणि बरोबरची मुलं यांच्याशी गुणांचा संबंध जास्त आहे, असं त्यातून पुढे आलं. ‘शाळेने फरक पडत नाही’ हे वाक्य तेव्हापासून फिरतंय, कोलमनने ते नेमकं तसं म्हटलेलं नसलं तरी. मग १९८३ मध्ये हेनेमन आणि लॉक्सली यांनी २९ देशांची आकडेवारी तपासली, त्यात भारतही होता. गरीब देशांत चित्र बरंच उलटं निघालं. तिथे शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा दिसला आणि घरच्या पार्श्वभूमीचा कमी.

दोघांतलं खरं कोण? माझं एम.एस्सी. सांख्यिकीतलं, त्यामुळे मला इथे वादापेक्षा गणित जास्त बोलकं वाटतं. कुठल्या घटकाचा ‘वाटा’ किती निघतो हे तो घटक तुमच्या नमुन्यात किती बदलतो यावर अवलंबून असतं. समजा एका शिवारातल्या सगळ्या वावरांवर सारखाच पाऊस पडला. मग बाजरीच्या उताऱ्यातला फरक कशाने समजावला जाईल? खताने, बियाण्याने, मशागतीने. पावसाचा वाटा शून्य निघेल. यावरून बाजरीला पाऊस लागत नाही असं कोणी म्हणणार नाही. पण एकाच तालुक्यातल्या दहा जिल्हा परिषद शाळा, सगळ्या दोनशिक्षकी, सगळ्या सारख्या, असा नमुना घेऊन ‘शालेय घटकांचा परिणाम असार्थ आढळला’ असं आपण बिनदिक्कत लिहितो. शाळा तिथे बदलतच नव्हती, तर तिचा परिणाम दिसणार कसा?

आणखी एक गोष्ट जी एसपीएसएस तुम्हाला आपणहून सांगणार नाही. ३०० मुलं घेतली आणि ती १० शाळांतली असली, तर मुलाबद्दल बोलायला तुमच्याकडे ३०० नोंदी आहेत, पण शाळेबद्दल बोलायला फक्त १०. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, एकाच गुरुजींकडून शिकलेली असतात, त्या ३०० नोंदी सुट्या सुट्या नसतात. साधी टी-टेस्ट त्यांना सुट्या धरते आणि सगळं ‘सार्थ’ दाखवते. यासाठी मल्टिलेव्हल मॉडेल असतात. ती शिका, एक महिना लागतो, पण मुलांची संख्या वाढवण्याआधी शाळांची संख्या वाढवा. १५ मुलांच्या २० शाळा या ३० मुलांच्या १० शाळांपेक्षा चांगल्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तुमच्या नमुन्यात कोण नाहीये?

बहुतेक जण डेटा गोळा करायला डिसेंबर-जानेवारीत शाळेत जातात, कारण तोवर आरएसीची मंजुरी वगैरे झालेली असते. पाथर्डीच्या पूर्वेकडच्या एखाद्या गावात जानेवारीत वर्गात बसलेली मुलं कोण? ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जात नाहीत ती, किंवा ज्यांना आजी-आजोबांकडे ठेवता आलं ती. ज्यांच्यावर स्थलांतराचा सगळ्यात जास्त परिणाम होतो ती फडावरच्या कोपीत आहेत, धाकट्या भावंडाला सांभाळत. म्हणजे ज्या घटकाचा परिणाम मोजायला आपण निघालो, त्या घटकानेच आपला नमुना आधी चाळून ठेवलेला असतो. हजर मुलांवरून काढलेला निष्कर्ष हजर मुलांपुरताच.

सरकारी आकडे वापरले म्हणून सुटका होत नाही. यू-डायसची नोंद वर्षानुवर्षं ३० सप्टेंबर ही तारीख धरून झाली आहे. ३० सप्टेंबरला मूल गावातच असतं! कोयता निघतो त्यानंतर. पटनोंदणीच्या आकड्याला स्थलांतर दिसतच नाही, आणि त्यात कोणी लबाडी केलेली असते असंही नाही. प्रथम संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण म्हणूनच शाळेऐवजी घरी जातं, जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं, शाळेत न जाणारं मूलही सापडावं म्हणून. ही पद्धत शाळेत बसून मोजण्यापेक्षा कितीतरी बरी. पण घराला कुलूप असेल तर तिलाही मर्यादा येते, आणि असरच्या फेऱ्या साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये होतात, म्हणजे अगदी निघण्याच्या तोंडावर.

यावर उपाय अवघड नाही. प्रश्नावलीत ‘पालकांचे वार्षिक उत्पन्न’ विचारता (ज्याचं खरं उत्तर कधी मिळत नाही), त्याऐवजी ‘मागच्या शैक्षणिक वर्षात मूल या शाळेत किती महिने होतं’ हा एक प्रश्न घाला. हजेरीपटावरून तो पडताळताही येतो.

आता एका शब्दाबद्दल थोडं कडक बोलतो. ‘पालकांची उदासीनता’. प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात हा शब्द आला नाही असं क्वचित होतं. तो मोजला कसा जातो? ‘पालक शाळेच्या सभांना उपस्थित राहतात का?’, ‘पालक घरी अभ्यास घेतात का?’. दोन-तीनशे किलोमीटरवर फडात असलेला बाप सभेला येणार कसा, आणि अंगठा उठवणारी आई अभ्यास घेणार कसा? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत असं सांगितलंय. समितीची बैठक जानेवारीत असेल तर ऊसतोडीच्या गावात त्यातले किती हजर असतील, याचा विचार करा. हे मोजमाप पालकाची इच्छा मोजत नाही, त्याचं अंतर मोजतं. आणि मग त्याच अंतराला आपण उदासीनता म्हणून छापतो, ते ग्रंथालयात जातं, पुढचा विद्यार्थी त्याचा संदर्भ देतो.

उलट बाजूने बघा. म्हाताऱ्या सासूकडे मूल ठेवून जाणारी बाई सहा महिने लेकराचं तोंड बघत नाही. हे शाळेसाठीच केलेलं असतं. याला प्रश्नावलीत कुठे गुण आहेत? शिवाय ‘कुटुंब’ ही एक वस्तू धरणंही घातक. एकाच घरातली थोरली मुलगी तान्ह्याला सांभाळायला फडावर जाते आणि मधला मुलगा आजीकडे राहून शाळा करतो. उत्पन्न तेच, आईबापांचं शिक्षण तेच, जात तीच, गाव तेच. तरी दोघांचं दुसरं सत्र वेगळं. तुमच्या कौटुंबिक घटकांच्या तक्त्यात ही दोन मुलं हुबेहूब सारखी दिसतील. म्हणून माझा सल्ला असा की जमेल तिथे भावंडांची तुलना करा. घर आपोआप स्थिर धरलं जातं आणि जो फरक उरतो तो घराच्या आतला असतो, त्यात मुलगी-मुलगा हा फरक लगेच वर येतो.

महाराष्ट्राला हे कोडं नवं नाही. आपल्याकडे त्याचं जुनं उत्तर म्हणजे बोर्डिंग. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू करवलं, मग एकेका समाजासाठी वसतिगृहं निघाली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह चालू केलं. दोघांनी ओळखलं होतं की शाळा असून भागत नाही, मुलाला शाळेच्या जवळ राहायला आणि जेवायला लागतं. आज ऊसतोडीच्या गावांत हंगामी वसतिगृहांची योजना आहे ती याच वंशातली. काही ठिकाणी मूल झोपायला आजीकडेच जातं, फक्त जेवणाची सोय योजनेतून होते. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली, तालुक्याला एक मुलांचं, एक मुलींचं.

संशोधकासाठी ही सोन्यासारखी जागा आहे, कारण इथे घर तेच, शाळा तीच, फक्त राहण्याची सोय बदलते. मात्र वसतिगृहातली मुलं आणि फडावर गेलेली मुलं यांची सरळ तुलना करू नका. आजी असलेलं, थोडं मोठं झालेलं, किंवा ज्याच्यासाठी गुरुजी घरी जाऊन भांडले ते मूल मागे राहतं. दोन गट आधीपासूनच वेगळे असतात. त्यापेक्षा एकाच मुलाची, वसतिगृह नसलेल्या वर्षाची आणि असलेल्या वर्षाची, नोंद मिळाली तर ती घ्या.

‘सामाजिक घटक’ या रकान्यात आपण सहसा जात, धर्म आणि ‘शेजारचं वातावरण’ टाकून मोकळे होतो. आपल्या जिल्ह्यात मी त्यात पाणी टाकेन. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तिथे पाणलोटाची कामं झाली, विहिरींना पाणी आलं आणि बाहेर गेलेली कुटुंबं गावात परतली. एका गावावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण यंत्रणा समजून घ्या. ज्या घराला दिवाळीनंतर गाव सोडावं लागत नाही, त्या घरातल्या मुलाला दुसरं सत्र मिळतं. त्यासाठी कुठलाही शैक्षणिक उपक्रम लागलेला नसतो.

आणि उत्तरेकडे पाहिलं तर हाच धागा दुसऱ्या टोकाने दिसतो. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे लोणी, कोपरगाव, संगमनेर या भागांत साखरेच्या सहकाराभोवतीच मोठमोठ्या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. उसाने जिल्ह्याच्या एका भागात शाळा-कॉलेजं बांधली आणि त्याच उसाच्या तोडणीने दुसऱ्या भागातल्या मुलांचं अर्धं वर्ष नेलं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७९ टक्के आहे. या एका सरासरीत हे दोन्ही भाग मिसळलेत. बरं, ‘उत्तर सुखी, दक्षिण दुःखी’ असंही सरसकट लिहू नका. अकोले उत्तरेलाच आहे, भंडारदरा धरण त्याच तालुक्यात आहे, आणि तिथल्या आदिवासी वाड्यांचे प्रश्न लोणीसारखे नाहीत.

सरासरीवरून माणसावर उडी मारण्याच्या या चुकीला इकोलॉजिकल फॅलसी म्हणतात, नेटच्या पेपरात हमखास येते. १९५० मध्ये रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त होती, पण व्यक्तिशः पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांमध्येच निरक्षरता जास्त होती. ते लोक फक्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. हे उदाहरण पाठ करू नका, त्यात राज्यांच्या जागी आपले तालुके घालून बघा.

तुमच्या सिनॉप्सिसच्या वेळापत्रकात ‘डेटा संकलन: डिसेंबर-जानेवारी’ असं असेल तर ते आजच बदला. पहिली फेरी ऑगस्टमध्ये करा, सगळी मुलं गावात असतात. त्याच वेळी हजेरीपटावरची सगळी नावं आणि मागच्या वर्षाचे हजेरीचे दिवस उतरवून घ्या. दुसरी फेरी परतल्यानंतर, त्याच नावांवर, आणि जी सापडली नाहीत त्यांची वेगळी यादी ठेवा. गाईडनी विचारलं की दोन फेऱ्या कशाला, खर्च वाढेल, तर त्यांच्यापुढे एका शाळेचा ऑगस्टचा आणि जानेवारीचा हजेरीपट शेजारी शेजारी ठेवा.