याला बोलावलं कोणी?

गायत्रीनगरच्या आयटी पार्कात मे महिन्याच्या दुपारी तर्री-पोह्याच्या गाड्यांवरही शुकशुकाट असतो. आत एका लहानशा ऑफिसात कूलर घरघरत होता. स्क्रीनवर बोट ठेवून ती मुलगी मला म्हणाली, "काका, याला आपण बोलावलंच नाही."

'हा' म्हणजे मिनिमिस्ट, व्हर्जन ०.०.८. कुणा ग्राहकाचं जुनं काम यांच्याकडे आलेलं. पॅकेजं बसवणाऱ्या एनपीएमच्या सुरक्षा-तपासणीत हे नाव निघालं, पण प्रोजेक्टच्या यादीत ते कुठंच नाही. तिनं एनपीएमला विचारलं, हा आला कोणामुळे? उत्तरात वंशावळ आली: मोका ५.२.०, त्याच्या पोटात एमकेडिरपी ०.५.१, आणि त्याच्या पोटात मिनिमिस्ट. मोका चाचण्या चालवतं. एमकेडिरपी फोल्डरात फोल्डर तयार करतं. मिनिमिस्ट कमांडसोबत दिलेले पर्याय वाचतं. आणि एमकेडिरपीला त्याची गरज पडते ती फक्त कुणी ते थेट टर्मिनलवरून चालवलं तर! मोका तसं चालवतच नाही. न वापरल्या दाराची कडी तुटकी, एवढाच काय तो प्रकार. पण तपासणीला दार वापरात आहे की नाही, ते कळत नाही.

त्याच वंशावळीत दुसऱ्या फांदीवर मिनिमिस्ट १.२.८ सुद्धा होतं. "काऊन बे, एकाच्या दोन कॉप्या?" शेजारच्या नव्या पोरानं विचारलं.

पूर्वी दोनच काय, वीसही असत. एनपीएम प्रत्येक पॅकेजच्या पोटात त्याच्या गरजा ठेवायचं, त्यांच्या पोटात त्यांच्या. पत्ता इतका लांबायचा, की विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली जाई आणि फोल्डर धड पुसताही येत नसे. २०१५ मध्ये तिसऱ्या व्हर्जनपासून जमेल तेवढं वरच्या मजल्यावर काढून सगळ्यांत वाटायचं ठरलं. ज्याचं इतरांशी पटत नाही, ते तेवढं आतच राहतं. इथं पटणं शक्यच नव्हतं. मोकाच्या आकड्यापुढे कॅरेटची टोपी असती तर एमकेडिरपीची पुढची सुधारित आवृत्ती चालली असती, पण मोकानं ०.५.१ आणि एमकेडिरपीनं ०.०.८ असं नेमकंच मागितलेलं. लेखकांची ही सावधगिरी मला समजते. निस्तरावं मात्र दुसऱ्याला लागतं.

मोका नवं घ्यावं, तर जुन्या चाचण्या कोलमडण्याची भीती. तिचा हात लॉक फाइल पुसायला गेला, तेवढ्यात मागून सीनियर दादा ओरडला, "ते नको उडवू!" कोणतं पॅकेज नेमकं कोणत्या आकड्याचं, हे त्या फाइलीत असतं. ती गेली, की इतर शेकडो आकडेही सरकू शकतात, आणि मग काय कशामुळे मोडलं ते शोधत बसा.

शेवटी तिनं प्रोजेक्टच्या पॅकेज फाइलीतल्या 'ओव्हरराइड्स'मध्ये एक ओळ घातली: एमकेडिरपी कोणीही मागो, ०.५.६ द्यायचं. त्याला १.२.८ चालतं. इन्स्टॉल झालं, आतली कॉपी गेली. लॉक फाइलीतला फरक तिनं ओळ न ओळ वाचला, मग चाचण्या लावल्या. हिरवं.

"आता ही ओळ काऊन घातली, ते लिहून ठेव," दादा म्हणाला. पण पॅकेजच्या त्या फाइलीत शेरा लिहिता येत नाही, जेसन ते चालवून घेत नाही. तिनं रीडमी उघडली आणि तारखेपासून सुरुवात केली.