यमूच्या घराबाहेरचे पुणे

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचताना डोळ्यांत पाणी यायला इतिहासाचे पुस्तक शेजारी उघडावे लागत नाही. मग साहित्यकृती तिच्या काळात आणि समाजात ठेवून वाचण्याचा खटाटोप कशासाठी? कादंबरी हा समाजाचा आरसा असतो, हे त्यावरचे ठरलेले उत्तर कच्चे आहे. आरसा समोर येईल ते दाखवतो; लेखक निवडतो. त्याच्यासमोर काय काय होते हे कळले, तरच त्याने काय उचलले आणि काय सोडले हे ध्यानात येते. कृतीचा बराचसा अर्थ या निवडीत दडलेला असतो.

ही कादंबरी हरिभाऊंनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. तो काळ खडाजंगीचा होता. बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरची समाजसुधारक बेहरामजी मलबारींची टिपणे १८८४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. अजाणत्या वयात लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंना ‘नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा’ असा हुकूम १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने दिला होता. मुलींच्या संमतिवयाच्या, म्हणजे शरीरसंबंधासाठीच्या किमान वयाच्या, प्रश्नावर पुण्यात सुधारक आणि टिळक हमरीतुमरीवर आले आणि १८९१ च्या कायद्याने ते वय दहावरून बारावर नेले. सुधारक आगरकरांच्या हाताखाली शिकलेल्या हरिभाऊंना यातले काहीच परके नव्हते. तरीही त्यांनी कादंबरीचा भर कोर्टकचेरीवर दिला नाही. तो दिला माजघरावर. विधवाविवाह कायदेशीर करणारा कायदा १८५६ सालचा, पण तीस-पस्तीस वर्षांनंतरही कादंबरीची नायिका यमू हिच्यासारख्या विधवेच्या नशिबात त्याने काडीचा फरक पडला नव्हता. विधवेचे डोके भादरण्याला, म्हणजे केशवपनाला, तर कायद्याचा हुकूम कधीच लागला नाही. शंकरमामंजींसारख्या वडीलधाऱ्याचा दरारा आणि ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती तेवढी पुरे होती. म्हणून कथा यमूच्याच तोंडून, घरगुती बोलीत सांगण्याला कलेपलीकडचे कारण आहे: सरकारचा कायदा उंबऱ्याशी थांबत होता आणि कादंबरीला आत जायचे होते.

संदर्भ जसा कृतीचे बळ दाखवतो, तशी तिची मर्यादाही दाखवतो. यमूचे दुःख हे ‘त्या काळच्या मराठी स्त्रीचे दुःख’ म्हणून सरसकट सांगितले जाते. पण केशवपनाची सक्ती मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांतली. कित्येक जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे. तिथल्या बायकांचे हाल वेगळे होते, आणि ते या कादंबरीत शोधू नयेत. ‘करमणूक’ सुरू झाली त्याच साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केस न कापण्याचा निर्धार केला. हे ठाऊक असलेला वाचक केशवपनाच्या प्रसंगाशी आला, की यमूसोबत वस्तरा धरणारा हातही त्याला दिसतो. तो हात नकार देऊ शकत होता.

यावर पहिला आक्षेप असा, की अशाने साहित्याचा दस्तऐवज होतो. होतो, पण वाचणारा आळशी असेल तर. रखमाबाईंच्या खटल्याची माहिती खटल्याच्या कागदांतून अधिक नेमकी मिळते. तेवढ्यासाठी कादंबरी वाचायचे कारण नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लेखकाची जात, लिंग आणि काळ सांगितला की सगळा उलगडा झाला, असे मानण्याची खोड या पद्धतीला लागते. त्याला तारा‍बाई शिंदे यांचे उदाहरण उत्तर म्हणून पुरेसे आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल झालेली शिक्षा ताराबाईंच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ला निमित्त ठरली. १८८२ चे हे पुस्तक बुलढाण्याच्या मराठा घरातल्या बाईने लिहिले, तेही परजातीतल्या विधवेची बाजू घेऊन. हरिभाऊ करुणेने मन वळवतात. ताराबाई पुरुषांना थेट जाब विचारतात. जातीवरून आणि काळावरून असा सूर आधी वर्तवता आला नसता. संदर्भ लेखकासमोरच्या वाटा दाखवतो. त्यातली कोणती धरायची हे लेखक ठरवतो.

तेव्हा टीकाकाराने दोन्ही हिशेब मांडावेत: काळाने लेखकाला काय दिले आणि लेखकाने त्याचे काय केले. पहिल्यावरच थांबणारी टीका म्हणजे इतिहासाची उजळणी. केवळ दुसरा मांडणारी टीका लेखकाची थोरवी गाते, पण ती कशात होती हे तिला सांगता येत नाही.